चिमीसोबत उन्हाळ्याची सुट्टी: घरात आहे त्यातून खाऊ (प्रकल्प नोंदी)

१२ एप्रिल २०२५, शनिवार

सुट्टीचा प्रकल्प आजपासून सुरू. चिमी साडेचार वर्षांची, शिशुवर्गाला सुट्टी लागलीये, शाळा आता एकदम १६ जूनला. मी डोंबिवलीत घरूनच काम करतो आणि दुपारी चार वाजले की "बाबा काहीतरी गोड दे ना" रोज ठरलेलं. टेट्रा पॅकमधले ज्यूस आणि क्रीमची बिस्किटं कमी करायचीयत, पण नुसतं "ते चांगलं नसतं" सांगून काही होत नाही, त्याच्या जागी समोर काहीतरी ठेवावं लागतं. मग असं ठरवलं की घरात असेल त्यातूनच करायचं, एका पदार्थासाठी वेगळी सामानाची यादी काढायची नाही, आणि प्रत्येक वेळी चिमीला एक खरं काम द्यायचं. खरं म्हणजे तिने केलं नाही तर पदार्थ होणारच नाही असं. हातात रिकामी वाटी-चमचा देऊन "तू पण कर हं" म्हटलेलं पोरांना लगेच कळतं, दोन मिनिटांत उठून जातात. गॅस, विळी, किसणी माझ्याकडे, बाकी जमेल तेवढं तिच्याकडे.

आज हनुमान जयंती, म्हणून सुरुवात सुंठवड्याने. सुकं खोबरं मी किसून मंद आचेवर भाजलं, अगदी जेमतेम गुलाबी, जास्त भाजलं की खवट वास येतो. वाटीभर खोबऱ्याला पाव वाटी खडीसाखर, अर्धा चमचा सुंठपूड, चमचाभर भाजलेली खसखस, वेलची. चिमीचं काम खलबत्ता. खोबरं आणि खडीसाखर तिने कुटली, वीसेक मिनिटं तरी बसली होती मांडी घालून, मधे मधे तोंडात टाकत. मिक्सरमधे हेच अर्ध्या मिनिटात झालं असतं पण मिक्सरमधे खोबऱ्याला तेल सुटून गोळा होतो, खलबत्त्यात सुटसुटीत राहतं, म्हणजे इथे हाताचं काम खरंच चांगलं ठरतं. सुंठ तिखट लागेल म्हणून थुंकेल असं वाटलं होतं, तसं काही झालं नाही, "नाकात येतंय" म्हणाली आणि परत हात पुढे.

अख्खे काजू-बदाम यात घातले नाहीत आणि पूर्ण प्रकल्पात घालणार नाही. पाच वर्षांच्या आतल्या मुलांच्या घशात अख्खा दाणा अडकायची भीती असते, कूट करूनच द्यायचं.

१४ एप्रिल, सोमवार

काल पाहुणे येणार होते ते आले नाहीत, पोळ्या उरल्या. कुस्करा करून फोडणीची पोळी करायचा बायकोचा विचार होता, चिमीने गोड मागितलं, मग लाडू.

पोळ्या चिमीने हाताने कुस्करल्या. मोठे तुकडे, छोटे तुकडे, भुगा असं सगळं मिसळून झालं आणि तेच पाहिजे, एकसारखं पीठ झालं की लाडू टाळूला चिकटतो. गूळ बारीक चिरून तुपात फक्त विरघळू दिला, फेस यायच्या आत गॅस बंद. गुळाला उकळी आली की पाक होतो आणि लाडू गार झाल्यावर कडक. कोमट असताना वळले, माझे मोठे, तिचे बोराएवढे. बोराएवढेच जास्त चांगले, एका घासात जातात, सांडत नाहीत. पुढच्या वेळी सगळे तेवढेच करायचे.

१९ एप्रिल, शनिवार

पन्हं. शेजारच्या काकूंकडे चैत्रातलं हळदीकुंकू होतं, चिमी आईबरोबर गेली आणि तिथे आंबेडाळ सोडून पन्ह्याचे दोन ग्लास पिऊन आली, येताना काकूंनी चार कैऱ्या हातात दिल्या.

कैऱ्या कुकरला दोन शिट्ट्या. पूर्ण गार झाल्यावर चिमीच्या ताब्यात. साल काढून गर पिळणं, कोयीला चिकटलेला गर बोटांनी ओरबाडून काढणं हे काम तिच्या हाताला इतकं बरोबर बसतं की मी नुसता बघत होतो. आधी साल अख्खी निघाली तिला भारी वाटलं, मग गरात पाचही बोटं घालून मूठ दाबली, बोटांच्या फटीतून पोपटी गर बाहेर आला, परत उघडली, परत दाबली. धागे राहिले ते चाळणीवर चमच्याने दाबून काढले. भांडं स्टीलचंच घ्यायचं, कल्हई नसलेल्या पितळेत आंबट ठेवायचं नाही.

बरेच जण गर एक वाटी तर गूळ दोन वाट्या घेतात. आम्ही सव्वा वाटी घेतला, मीठ चिमूटभर जास्त, वेलची. मीठ नीट पडलं की कमी गुळातही आंबटपणा बोचत नाही.

इथे साखरेचा हिशोब एकदा मांडून ठेवतो कारण घरात यावरून चर्चा झाली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मधे सांगितलंय की वरून घातलेल्या साखरेतून दिवसाच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांपेक्षा कमी यावी, ५ टक्क्यांच्या खाली आली तर अजून बरं. चिमीच्या वयाला दिवसाला १३०० कॅलरीच्या आसपास धरल्या तर १० टक्के म्हणजे साधारण ३२ ग्रॅम, ५ टक्के म्हणजे १६ ग्रॅम, चहाच्या चमच्याने जेमतेम चार चमचे. आणि गूळ, मध हेसुद्धा यातच मोजायचं, गूळ म्हणजे फुकट असं समजून दुप्पट घालतात ते बरोबर नाही. आमच्या छोट्या ग्लासात साधारण दीड-दोन चमचे गूळ जातो. म्हणजे ज्या दिवशी पन्हं त्या दिवशी लाडू नाही. चिमीला हे "आज एकच गोड, कुठलं ते तू ठरव" अशा भाषेत सांगितलं, ती खूप वेळ विचार करते, पण ठरवते.

२६ एप्रिल, शनिवार

कंपाऊंडच्या जाळीवर गोकर्णाचा वेल फुललाय, निळ्या फुलांचा. दहा-बारा फुलं आणली, धुतली, मागचं हिरवं काढून टाकलं, गरम पाण्यात पाच मिनिटं. पाणी शाईसारखं निळं. तीन काचेच्या ग्लासात ओतलं. एकात चिमीने लिंबू पिळलं आणि निळ्याचं जांभळं झालं, अजून पिळलं तर गुलाबीकडे. दुसऱ्यात चिमूटभर खायचा सोडा, तो हिरवट झाला, तो प्यायचा नाही फक्त बघायचा. तिसरा तसाच.

तिने विचारलं "लिंबू तर पिवळं आहे मग जांभळं कसं झालं". फुलातला रंग, अँथोसायनिन, आंबट लागलं की एक रंग दाखवतो आणि सोडा लागला की दुसरा. मी सांगितलं की या रंगाला आंबट कळतं. मग तिने घरातलं सगळं आंबट आणलं, चिंचेचं पाणी, ताक, कैरीची फोड, प्रत्येक वाटीत थोडं थोडं निळं घालून बघितलं, ताकात फिक्कं जांभळट झालं. संध्याकाळ अख्खी गेली, मी कॉलवर होतो आणि मागे बायको वाट्या धूत होती.

चवीला गोकर्णाला स्वतःची अशी काही चव नाही, लिंबू सरबतच लागतं, पण रंग बदलायचं काम तिचं असल्यामुळे ग्लास पूर्ण संपला आणि साखर नेहमीच्या निम्मी. ही नोंद महत्त्वाची. एक काळजी, वेलाच्या शेंगा आणि बिया तोंडात घालायच्या नाहीत, आणि कुठलंही फूल मोठ्यांना विचारल्याशिवाय नाही, हे तिच्याकडून रोज म्हणून घेतोय.

३० एप्रिल, बुधवार

अक्षय्य तृतीया, आमरस. आंबे घोळवून मऊ करायचं काम तिचं, रस काढून मी. साखर अजिबात नाही, वरून तूप. जास्त लिहिण्यासारखं काही नाही, हापूस असला की आपल्याला काही करावं लागत नाही.

४ मे, रविवार

रस उरला म्हणून आंबापोळी घातली. ताटाला तुपाचा हात, रस पातळ पसरला, चिमीने ताट डावीकडे उजवीकडे कलवून सगळीकडे नेला. दाट रस असला तर दोन चमचे साखर पुरते. वरून पातळ पंचा बांधून गच्चीवर. कडक ऊन असेल तर दोन-तीन दिवसांत सुटते, मग दुसरा थर. चिमीने पहारेकरी व्हायचं ठरवलंय, कावळा दिसला की ओरडायचं.

७ मे, बुधवार

काल संध्याकाळी वारा सुटला, धूळ आणि मग पाऊस. मेच्या पहिल्या आठवड्यात! ताट खाली आणलं तोपर्यंत वरून ओलं झालेलं, आणि हवामानाचा अंदाज पुढचे दिवसही ढगाळच सांगतोय. चिमी खूप रडली, तिचा पहारा वाया गेला असं तिला वाटलं.

ताटातला अर्धवट सुकलेला रस सगळा खरवडून कढईत घेतला, त्यात ओल्या नारळाचा चव, दुधाची दोन चमचे पावडर, मंद गॅसवर ढवळत राहिलो. रस आधीच दोन दिवस उन्हात आटलेला म्हणून फार वेळ लागला नाही, पंधराएक मिनिटांत कडा सोडायला लागला, चमचा फिरवला की कढईचा तळ दिसतो आणि लगेच भरून येत नाही ती वेळ. ताटात थापलं, वड्या पाडल्या. ताज्या रसाच्या नारळवडीपेक्षा याला चव जास्त गडद आली, उन्हाची चव म्हणता येईल अशी. वड्या चिमीने स्वतः वाटल्या शेजारी, आणि प्रत्येक दारात सांगितलं की ही आधी पोळी होणार होती.

हे मुद्दाम सविस्तर लिहितोय. फसलेली वस्तू टाकून न देता तिचं दुसरं काहीतरी करता येतं हे चिमीला सांगून कळलं नसतं, कढईशेजारी स्टुलावर उभं राहून बघितल्यावर कळलं.

११ मे, रविवार

पॉट आइस्क्रीम, पॉट नसताना. लहानपणी लग्नात लाकडी बादली आणि आत फिरणारा डबा बघितला होता तेच डोक्यात होतं. घरात काय आहे तर घट्ट झाकणाचा स्टीलचा कडीचा डबा, त्याहून मोठी प्लास्टिकची बादली आणि खडा मीठ. बर्फ मासळी बाजारातून आणला, तो खायचा नसतोच, फक्त बाहेरून गार करायला, त्यामुळे चालतो. फक्त झाकणाच्या फटीतून आत जाता कामा नये, म्हणून डब्याच्या तोंडाला प्लास्टिकची पिशवी लावून वर झाकण दाबलं आणि डबा अर्धाच भरला.

आत: अर्धा लिटर दूध आटवून त्याच्या पाऊणपट केलेलं, पूर्ण गार, त्यात एका हापूसचा रस आणि तीन चमचे साखर. बाहेर: फोडलेला बर्फ तीन भाग, मीठ एक भाग, थर बर्फाचा मग मिठाचा मग परत बर्फाचा.

मीठ का, तर नुसता बर्फ शून्य अंशाला वितळतो आणि दूध-साखरेचं मिश्रण शून्याला गोठतच नाही, साखरेमुळे त्याला अजून खाली जावं लागतं. मीठ पडलं की बर्फ शून्याच्या खालीच वितळायला लागतो, वितळताना आजूबाजूची उष्णता खेचतो, प्रमाण अगदी बरोबर बसलं तर उणे २१ अंशापर्यंत उतरतो. बादलीच्या बाहेरच्या बाजूला दव धरलं आणि थोड्या वेळाने त्या दवाचंच पांढरं बर्फ झालं, चिमीने नखाने त्यावर रेघा मारल्या. हे मिश्रण उघड्या हाताने धरायचं नाही, कातडीला चटका बसल्यासारखं होतं, म्हणून तिला जाड टॉवेल दिला आणि कडी धरून डबा गरगर फिरवायचा. हेच तिचं काम, आणि हे अगदी खरं काम आहे कारण फिरवला नाही तर कडेला बर्फाचे मोठे खडे धरतात आणि मधे दूधच राहतं. फिरवत राहिलं की खडे बारीक राहतात.

दर पाच-सात मिनिटांनी उघडायचं, वरचं खारं पाणी आधी फडक्याने नीट पुसायचं, कडेचं खरवडून मधे घ्यायचं, परत बंद. पहिल्या वेळी उघडलं तर काहीच नाही. दुसऱ्यांदा कडेला पातळ पापुद्रा. तिचा हात दुखायला लागला, मग आईने फिरवला, मग मी, मग परत तिने. साधारण पाऊण तासाने चमचा उभा राहील इतपत झालं. खूप घट्ट नाही, पण जिभेवर खडे नाहीत.

चिमीचा शेरा: "हे मी बनवलंय, बाबाने फक्त मीठ टाकलं." बरोबर आहे.

१७ मे, शनिवार

आज्जीने कुडाळहून रातांबे (कोकमाची फळं) पाठवले, ओळखीच्या काकांबरोबर कोकण रेल्वेने ठाण्यापर्यंत, पुढे मी जाऊन आणले. एका बाजूने थोडे दबलेत पण चांगले लालभडक आहेत. यंदा तिकडेही वळवाचा पाऊस लागून राहिलाय, आज्जी म्हणाली की आगळ (कोकमाचा खारवलेला रस) आणि सोलं वाळवायचं सगळंच अडलंय, "तू आपला साखरेतच घाल."

अमृत कोकम. रातांबे धुऊन पूर्ण कोरडे पुसले, मी मधून कापले, चिमीने आतला गर आणि बिया काढून वाटी रिकामी केली. साल वेगळी ठेवली, गर चाळणीवर. सालीच्या प्रत्येक वाटीत साखर दाबून भरायचं काम परत तिचं, मग त्या वाट्या बरणीत एकावर एक, मधे परत साखर. सालींच्या वजनाच्या दीडपट साखर लागली. जास्त वाटते, पण इथे कमी करायची नाही, ती टिकवायला लागते, ग्लासात घेताना कमी घ्यायचं. एरवी आठवडाभर उन्हात ठेवतात, आमच्याकडे ऊन नाही म्हणून खिडकीत, रोज कोरड्या चमच्याने हलवून.

तिचे हात, फ्रॉक आणि फरशी सगळं जांभळं. मग तिने स्वतःहून सोडा मागितला. गोकर्णाला केलेलं तिला आठवलं! बोटावरच्या डागावर चिमूटभर ओला सोडा लावला तर डाग निळसर झाला. कोकमातसुद्धा अँथोसायनिनच. मी काहीही सांगितलं नव्हतं. बायकोला हाक मारून दाखवलं, आज्जीला व्हिडिओ कॉल केला.

बिया धुऊन वाळवून ठेवल्यात, कुणी जाणारं मिळालं की आज्जीकडे परत जातील, ती त्यांचं भिरंडेल (कोकमाच्या बियांचं तेल) काढते, टाचांच्या भेगांना.

२६ मे, सोमवार

मान्सून मुंबईत आला, हवामान खात्याच्या नोंदींमधे इतक्या लवकर कधीच आला नव्हता. खिडकीतल्या बरणीत साखर पूर्ण विरघळलीये, साली आक्रसून वर तरंगतायत. उन्हाशिवायही जमलं, फक्त वेळ जास्त लागला. गाळून त्यात भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि मीठ घातलं, आता फ्रिजमधे. एक भाग सिरप, पाच-सहा भाग पाणी. चिमीला अजून पातळ आवडतं, आणि सरबतापेक्षा बरणीतल्या साखर प्यायलेल्या साली जास्त आवडतात, त्या दिवसाला एक.

गार पेयं आता बंद, गरमकडे वळायचं.

३१ मे, शनिवार

नाचणीचं सत्त्व. नाचणी रात्रभर भिजवली, मिक्सरला वाटली, फडक्यातून चिमीने पिळली. पाणी स्थिर ठेवलं की खाली पांढरट साका बसतो, वरचं पाणी ओतून द्यायचं. खरंतर सत्त्व काढताना कोंडा टाकला जातो आणि १०० ग्रॅम अख्ख्या नाचणीतलं साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास असलेलं कॅल्शियम सगळं त्यात उतरत नाही, म्हणून पुढच्या वेळी नुसतं पीठ भाजून करायचं. पण पिळायला तिला मजा आली.

पाण्यात शिजवून घट्ट झालं की दूध. गूळ मात्र गॅस बंद करून, थोडं निवल्यावर, उकळत्या दुधात टाकला तर फाटायची भीती. जायफळ किंचित. चिमीने "चॉकलेट आहे का" विचारलं रंग बघून. मी नाही म्हटलं, नाचणी आहे म्हटलं. खोटं सांगून पाजायचं नाही. अर्धा कप प्यायली.

७ जून, शनिवार

रस-घावन. आज सकाळी तांदूळ वाटून तासभर ठेवलेलं पाणीदार पीठ, ताकापेक्षा थोडं दाट. नारळाचं दूध चिमीने मुठीने पिळलं (पहिलं घट्ट वेगळं, दुसरं पातळ वेगळं), त्यात गूळ, वेलची, चिमूटभर मीठ, विरघळेपर्यंत ढवळायचं, तापवायचं नाही. बिडाचा तवा चांगला तापला की कांद्याने तेल फिरवून पीठ कडेकडून मधे ओतायचं, पसरायचं नाही, त्याची त्याची जाळी पडते. झाकण. उलटायचं नाही.

चिमीला "चंद्र" पाहिजे होता. तो आपोआप झाला, अर्धा घडी घातला की चंद्र. रसात बुडवून एकामागून एक खाल्ले, दुपारचं जेवण तेच. कृष्णाष्टमीला काळ्या वाटाण्याची उसळ करून परत.

१४ जून, शनिवार

परवा शाळा. फ्रिजमधे कोकम सिरपची अर्धी बाटली आहे, डब्यात कुरमुऱ्याचे लाडू आहेत, पावसात मऊ पडतात म्हणून डब्यात खाली कोरडी चपटी थाळी आणि झाकण लगेच लावायचं. शाळेत गोड खाऊ चालत नाही, त्यामुळे हे सगळं घरी आल्यावर.

चिमी आता स्वतः काय करू शकते ते लिहून ठेवतो, कारण शाळा सुरू झाली की हाताला लागलेली कामं सुटतात: लिंबू पिळणं, कैरीचा गर काढणं, पोळी कुस्करणं, लाडू वळणं, नारळाचं दूध पिळणं, खलबत्ता, सरबतात मीठ किती ते चाखून सांगणं. शेवटचं ती माझ्यापेक्षा चांगलं सांगते. रविवार सकाळ याच्यासाठी ठेवायची, बायकोनेही कबूल केलंय.

टेट्रा पॅक घरात आणणं आता आम्ही बंद केलंय, बाहेर गेल्यावर मागते आणि कधीकधी देतो.

पुढचं: मेमधे कुंडीत हळदीचे कोंब लावलेत, वीतभर आलेत. पातोळ्या हळदीच्या पानातच उकडायच्या, त्यांना पानं लागतील. नागपंचमी २९ जुलैला, तोपर्यंत पुरेशी रुंद झाली नाहीत तर गणपतीत करू. पाणी घालायची जबाबदारी चिमीची, पण पाऊस असेल त्या दिवशी घालायचं नाही हे तिला परत सांगायला हवं.